५-६ हजार रुपयांत शिकण्यासाठी कोणता लाँगबोर्ड घ्यावा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: वय ३१, वजन ८४ किलो, मुक्काम कोथरूड, बजेट फार तर ६ हजार. लाँगबोर्डवर, म्हणजे लांब स्केटबोर्डवर, उड्या-बिड्या मारायच्या नाहीत, सकाळी अर्धा तास मजेत फिरायचंय. शिवाय विचारलंय की डावखुऱ्या माणसाला वेगळा बोर्ड लागतो का. ते शेवटी सांगतो.

आधी माझी फजिती. मी ३४व्या वर्षी सुरुवात केली. पहिला बोर्ड ऑनलाइन मागवला, १,९०० रुपयांचा. खालच्या बाजूला आग ओकणारा ड्रॅगन, फोटोत एकदम झकास. पार्किंगमध्ये दोन फेऱ्या बऱ्या झाल्या. मग मोठ्या ऐटीत गेटबाहेर पडलो आणि हरभऱ्याएवढी खडी पुढच्या चाकाखाली आली. बोर्ड जागच्या जागी थांबला, मी मात्र पुढे गेलो. मनगट तीन आठवडे धरून बसलो होतो. आमचे वॉचमनकाका अजून विचारतात, "साहेब, ती लहान मुलांची गाडी कुणाला देऊन टाकली का?"

दोष खडीचा नव्हता, चाकांचा होता. त्या बोर्डाची चाकं जेमतेम ५० मिलिमीटरची आणि दगडासारखी कडक. अशी चाकं स्केटपार्कच्या गुळगुळीत काँक्रीटवर उड्या मारणाऱ्यांसाठी असतात. आपल्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खणतात, वरवर बुजवतात आणि खडी तशीच सोडून जातात. तिथे चाक मोठं आणि मऊच हवं. मोठं चाक खड्यावर चढतं, मऊ चाक खड्याभोवती थोडं दबतं आणि निघून जातं. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी याने रबरासारख्या लवचीक युरेथेनची चाकं आणली. त्याआधी चाकं भाजक्या मातीसारख्या कडक मिश्रणाची असत आणि बारीकशा खड्यानेही माणूस तोंडावर पडे. म्हणजे मी पैसे देऊन पन्नास वर्षं मागे गेलो होतो.

म्हणून दुकानात गेलात की पहिलं काम: बोर्ड उलटा करा. चित्रं, बांबूचा रंग, 'प्रो' लिहिलेली अक्षरं यांचा तुमच्या चालवण्याशी काही संबंध नाही. तुमचे पैसे खालच्या बाजूला आहेत का, एवढंच बघायचं.

चाकाचा व्यास ६५ ते ७५ मिलिमीटर हवा, ७० असेल तर उत्तम. मऊपणा चाकावरच लिहिलेला असतो, ७८ए, ८०ए असा. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. ७८ए ते ८३ए यातलं काहीही चालेल. ९९ए किंवा १०१ए दिसलं तर बोर्ड खाली ठेवा. काहीच लिहिलेलं नसेल तर नख दाबून बघा. युरेथेन किंचित दबून परत वर येतं, प्लॅस्टिकवर नख नुसतं टकटक वाजतं. एक गोष्ट करू नका: चाक बोटाने फिरवून किती सेकंद फिरतंय ते मोजू नका. दुकानदार हमखास हा प्रयोग करून दाखवतात. वर ८४ किलो नसताना चाक किती वेळ फिरतं याने काहीही कळत नाही.

मग ट्रक. म्हणजे चाकांना धरून ठेवणारा आणि डेकला (आपण उभे राहतो त्या फळीला) खालून बोल्टने बसवलेला धातूचा भाग. स्वस्तातल्या बोर्डात सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, कारण चंदेरी रंग मारलेलं प्लॅस्टिक फोटोत ॲल्युमिनियमसारखंच दिसतं. हातात धरून टिचकी मारा, आवाजावरून कळतं. लाँगबोर्डाच्या ट्रकमध्ये मधला मोठा बोल्ट, किंगपिन, बाहेरच्या बाजूला तोंड करून असतो. साध्या स्केटबोर्डात तो आतल्या बाजूला असतो. बाहेर तोंड असलेला ट्रक सावकाश, भरवशाने वळतो आणि वेगातही कमी डगमगतो. त्या किंगपिनवर दोन रबरासारखे गोळे असतात, ती बुशिंग. बोर्डवर उभे राहा, एका बाजूला झुका आणि सरळ व्हा. बोर्डही आपोआप मध्यावर यायला हवा. तिरका राहिला किंवा कटकट आवाज आला तर सोडून द्या.

तुमच्या वजनाचा मुद्दा इथेच येतो. स्वस्त बोर्डांतली बुशिंग बहुतेक वेळा ६०-६५ किलोच्या पोरांना सोसतील इतकी मऊ असतात. ८४ किलोला ती लगदा वाटतील आणि थोडा वेग घेतलात की बोर्ड सापासारखा हलायला लागेल. त्यावर किंगपिनचा नट आवळत जाणं हा उपाय नाही. थोडा आवळा, पण बुशिंग फुगून बाहेर यायला लागलं की थांबा. त्यापेक्षा ९० ए च्या आसपासची बुशिंग वेगळी विकत घ्या, काही शे रुपयांत काम होतं. किंगपिनच्या नटाला १४चा पाना लागतो, चाकाच्या नटाला १३चा. घरात १२-१३ आणि १४-१५ असे दोन पाने असतील तर त्या टी-आकाराच्या 'स्पेशल टूल'वर पैसे घालवू नका.

डेकबद्दल नेटवर पानंच्या पानं सापडतील. मी थोडक्यात उरकतो. लांबी ३६ ते ४० इंच. मेपलचे सात-आठ थर असलेला, फार न लवणारा. मऊ लवचीक बांबूचे डेक फार सुंदर चालतात, पण ८४ किलोखाली स्वस्तातला लवचीक डेक मधोमध इतका वाकतो की पाय ढकलताना होडी चालवल्यासारखं वाटतं.

प्रकार मात्र नीट समजून घ्या. एक ड्रॉप-थ्रू: ट्रक डेकला पाडलेल्या खाचेतून आरपार बसवलेला, त्यामुळे उभं राहायची जागा जमिनीपासून खाली येते. दुसरा टॉप-माउंट: ट्रक डेकच्या खाली, म्हणून उंची जास्त. नवशिक्याला सगळे ड्रॉप-थ्रू सांगतात, मीही तेच सांगेन. गुडघा कमी वाकवून पाय जमिनीला टेकतो, ढकलणं सोपं जातं आणि पाय घासून थांबणंही. शिवाय बहुतेक ड्रॉप-थ्रूमध्ये चाकांच्या वर डेक कापलेला असतो, त्यामुळे वळताना चाक डेकला घासून अडकत नाही. टॉप-माउंटमध्ये मोठी चाकं बसवली की ही भीती असते, मग ट्रक आणि डेकच्या मध्ये पॅड घालावे लागतात. ड्रॉप-थ्रूचा तोटा परदेशी व्हिडिओंत कुणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे आपले गतिरोधक नाहीत. अरुंद आणि उंच गतिरोधकावर त्याचं पोट घासतं. आमच्या लेनमधल्या एका गतिरोधकावर माझ्या डेकचा बराचसा वार्निश आहे. गतिरोधक आला की उतरायचं, बोर्ड हातात घ्यायचा, चार पावलं चालायचं. नवशिक्याने तसंही तेच करावं.

बेअरिंगवर वेगळे पैसे टाकू नका. बोर्डात ६०८ क्रमांकाचं बेअरिंग असतं: आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. स्केटबोर्डसाठी वेगळं असं काही नाही, बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात नुसतं "सहाशे आठ" म्हणा. जाहिरातीत 'अबेक-९, सुपरफास्ट' असं ठळक छापतात. अबेक हे बेअरिंग किती अचूक मापात घडवलंय याचं प्रमाण आहे, त्याचा फायदा अतिशय वेगाने फिरणाऱ्या यंत्रांत. तुमच्या चाकाला त्याचं सोयरसुतक नाही. आणि कुणी 'अबेक-११' विकत असेल तर तो स्वतःच पायरी तयार करून विकतोय: त्या प्रमाणात १, ३, ५, ७, ९ एवढ्याच पायऱ्या आहेत.

आता पैसे. सगळे ६ हजार बोर्डावर लावू नका. ४ ते साडेचार हजार बोर्ड, उरलेल्यात हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड. नवशिक्या पडताना हात पुढे टाकतो, टाकणारच, म्हणून गुडघ्याच्या पॅडआधी मनगटाचे गार्ड घ्या. हेल्मेटवर ईएन १०७८ लिहिलेलं बघा. सायकल आणि स्केटबोर्ड दोन्हीसाठीचं ते युरोपीय प्रमाण आहे.

या पैशांत नवा बोर्ड हवा असेल तर डेकॅथलॉनमध्ये जाऊन बघा. त्यांचे स्वतःचे बोर्ड येतात आणि मुख्य म्हणजे त्यावर उभं राहून बघता येतं. नेमका तुम्हाला हवा तोच त्या दिवशी असेल असं नाही. लँडयाट्झ, लोडेड, आर्बर ही नावं व्हिडिओंत ऐकली असतील. बोर्ड सुंदर असतात, पण आयात होऊन इथे येईपर्यंत तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढे जातात.

मी तुमच्या जागी असतो तर जुना घेतला असता. खरं तर घेतलाच. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगची मुलं पुढच्या शिक्षणासाठी परदेशी निघतात आणि गादीपासून गिटारपर्यंत सगळं विकायला काढतात. औंधमधल्या अशाच एकाकडून मी ३८ इंची ड्रॉप-थ्रू ४ हजारांना घेतला. वर्षभर वापरलेला, कडा घासलेल्या, ग्रिप टेप (पाय घसरू नये म्हणून डेकवर चिकटवलेला खरखरीत थर) एका कोपऱ्यात सुटलेली. हे सगळं चालतं. जुन्या बोर्डाच्या ट्रकवर पॅरिस, कॅलिबर किंवा बेअर असं नाव दिसलं तर डेक कितीही कळकट असला तरी घासाघीस कमी करा आणि घेऊन टाका. डेक नंतर बदलता येतो. न चालणाऱ्या गोष्टी तीनच. डेकचे थर कडेला सुटलेले असणं, म्हणजे तो पावसात भिजलाय. आणि ट्रकला तडा. बोर्ड सपाट फरशीवर ठेवून चारही चाकं टेकतात का तेही बघा. एक चाक अधांतरी असेल तर डेक पिळलाय.

पावसाळ्यात घ्याल, पण पावसाळ्यात चालवू नका. पाणी लागलं की बेअरिंग गंजतं. भिजलंच तर काढून कोरडं करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. एकच.

शिकायला सोसायटीचं ट्रिमिक्स केलेलं, म्हणजे सपाट काँक्रीटचं, पार्किंग सगळ्यात चांगलं, सकाळी सहाला, गाड्या निघायच्या आत. पहिले दोन आठवडे फक्त ढकलायचं आणि मागचा पाय जमिनीला घासून थांबायचं. पाय घासून थांबता येईपर्यंत उतार नाही म्हणजे नाही. चांदणी चौकाकडून येणारा उतार कोथरूडकराच्या डोळ्यांत भरतो, मला कल्पना आहे. तिकडे बघूही नका.

आणि डावखुऱ्याचं. लाँगबोर्डला डावं-उजवं नसतं, त्यामुळे वेगळा बोर्ड लागत नाही. प्रश्न हाताचा नाही, कुठला पाय पुढे येतो त्याचा. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. घरी मोजे घालून फरशीवर दोन पावलं पळा आणि घसरा. जो पाय आपसूक पुढे जाईल तोच बोर्डवरही पुढे. मी उजव्या हाताने लिहितो, जेवतो, कॅरम खेळतो, आणि बोर्डवर उजवा पाय पुढे टाकून उभा राहतो. हे कळायला मला महिना लागला, कारण त्या मोज्यांबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं.