ऑल-व्हील ड्राइव्हची दुखणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू काढली की ती अडखळते, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी झटके देत सरकते. सरळ रस्त्यावर त्रास नाही. अलीकडेच पुढचे दोन टायर नवे टाकलेत. मेकॅनिक ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) उघडूया म्हणतोय.

आत्ताच उघडू देऊ नका. तुमच्या तक्रारीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते दोन नवे टायर.

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. मागच्या जुन्या टायरांवर ४ मिलिमीटर उरली असेल, तर ढोबळ हिशेबाने घेरात २५ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे दर किलोमीटरला पुढच्या आणि मागच्या चाकांत सुमारे १२ मीटरची तफावत. ती कुठेतरी जिरवावी लागते, आणि बहुतेक ऑल-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत ते काम पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या मल्टिप्लेट क्लचच्या (एकावर एक चकत्यांच्या) किंवा व्हिस्कस कपलिंगच्या (दाट द्रवाच्या) गळ्यात पडतं. ते सतत घसरत राहतं, तापतं आणि शेवटी आखडतं. वळणावर पुढची चाकं तशीही मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, म्हणून त्रास तिथे आधी जाणवतो.

चारही टायरांची हवा सारखी करा. टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी चाकाच्या एका पूर्ण फेरीइतकी सरळ ढकला आणि अंतर मोजा. चारही चाकांचं मोजा. सुबारूसारखी कंपनी घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. टायर जुळवूनही झटके राहिले, तर क्लचचं ऑइल बदला. त्यानंतरही राहिले तरच क्लच किंवा कपलिंग खोलायची वेळ येते.

तुमची गाडी लिव्हर टाकून फोर-व्हीलमध्ये जाणारी असेल, तर कोरड्या डांबरावर हे झटके येणारच. टू-व्हीलवर या.

प्रश्न : ७०च्या पुढे घूंऽऽ असा आवाज येतो. व्हील बेअरिंग बदललं, फरक शून्य. गॅरेजमध्ये मागची चाकं जॅकवर उचलून गिअरमध्ये चालवून बघणार आहेत.

कृपा करून तसं करू देऊ नका. मागची चाकं फिरायला लागली की पुढच्यांनाही ताकद मिळू शकते आणि गाडी जॅकवरून उडी मारते. माणूस जायबंदी व्हायला तेवढं पुरे. ऑल-व्हील गाडी चालवून तपासायची तर चारही चाकं जमिनीपासून सुटलेली हवीत, तीही नीट लिफ्टवर.

खरं तर हे निदान रस्त्यावरच होतं. मोकळ्या रस्त्यावर आवाज येणारा वेग धरा आणि अ‍ॅक्सलरेटर सोडा. पाय दाबताना एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, किंवा आवाज गायबच, असं असेल तर संशय डिफरन्शिअलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या युनिटच्या, गिअरवर. पायाशी आवाजाचा संबंध नसेल, तर गाडी हलकेच डावीकडे घ्या. भार उजव्या चाकांवर जातो. त्यावेळी घरघर वाढली, तर उजवीकडचं बेअरिंग बघा. उजवीकडे घेतल्यावर वाढली, तर डावीकडचं. तुमचं बदललेलं बेअरिंग चुकीच्या बाजूचं असणं अगदी शक्य आहे, कारण आवाज बॉडीतून फिरून कानाला भलतीकडूनच ऐकू येतो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की सूरही बदलतो? मग टायरवरून दोन्ही दिशांना तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, की तुमचा आवाज सापडला.

पायाखाली बारीक थरथर असेल, तर मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टही तपासा. ताशी १०० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या मारतं. शाफ्ट मात्र डिफरन्शिअलच्या रेशोनुसार त्याच्या साधारण अडीचपट ते चौपट फिरतो. म्हणून चाकाचा दोष ढोबळ हलल्यासारखा जाणवतो आणि शाफ्टचा दोष मुंग्या आल्यासारखा.

प्रश्न : वाळूत बराच वेळ चाकं फिरवली की ऑल-व्हीलचा दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो.

क्लच तापला म्हणून सिस्टिमने स्वतःला वाचवलं. गार होऊ द्या. हाच दिवा साध्या रस्त्यावर एबीएसच्या दिव्यासोबत लागला, तर आधी व्हील स्पीड सेन्सर बघा. सरळ चालत्या गाडीत स्कॅनरवर चारही चाकांचा वेग शेजारी शेजारी लावला, की खोटं बोलणारा सेन्सर लगेच कळतो.

प्रश्न : डिफरन्शिअलचं ऑइल आयुष्यभर टिकतं असं मॅन्युअलमध्ये आहे. तरी बदलू का?

बदला. मी हे आग्रहाने सांगतो. विशेषतः आडव्या इंजिनाच्या गाडीत पुढच्या गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्सफर युनिटचं. त्यात बहुतेक वेळा लिटरभरसुद्धा ऑइल नसतं आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. निघालेलं ऑइल बोटावर घेऊन बघा. काळं आणि करपट वास म्हणजे जळलेलं. दुधाळ म्हणजे पाणी शिरलेलं, मग सील आणि ब्रीदर (हवा जाण्याची वाट) तपासा. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवरची राखाडी पेस्ट चालते, पण धातूचे कण बोटाला टोचले तर गाडी चालवणं थांबवा.

मागच्या डिफरन्शिअलला क्लच जोडलेला असेल, तर अनेक गाड्यांत दोघांचं ऑइल वेगळं असतं. ते एकमेकांत जाऊ देऊ नका. आणि ऑइल काढायच्या ड्रेन प्लगला पाना लावण्याआधी ऑइल भरायचा फिलर प्लग सुटतो की नाही ते बघा. तो जाम असेल, तर रिकाम्या युनिटची गाडी जागेवरच अडकेल.