'करता-करविता' : करविता कोण, आणि हे म्हणायचं कोणी?

साताऱ्याहून एका वाचकांनी विचारलं आहे: गावच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या पत्रिकेवर 'करता-करविता परमेश्वर' असं छापायचं ठरलं, तेव्हा घरातल्या मुलीनं विचारलं की 'करविता' हे 'करता'चं स्त्रीलिंग का? बातम्यांतला 'बोलविता धनी' याच कुळातला का? आणि आपण केलेलं काम आतल्या देवाच्या नावावर करण्याची रीत इतर धर्मांतही आहे का?

स्त्रीलिंग नाही. 'करता'चं स्त्रीलिंग 'करती'. 'करविता' आला आहे 'करविणे' या प्रयोजक क्रियापदापासून: दुसऱ्याकडून करून घेणारा. देवीबद्दल लिहायचं झालं तर 'करती-करविती' होईल. रफाराचा 'कर्ता' हा संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. 'कर्ता-करविता' लिहिलं तरी चालतं, पण 'करता-करविता' ही एकाच मराठी क्रियापदाची जोडी आहे, मला तीच आवडते.

पण जोडी का लागते? पाणिनीनं 'स्वतन्त्रः कर्ता' अशी दोन शब्दांत कर्त्याची व्याख्या केली आणि लगेच पुढच्या सूत्रात त्या कर्त्याला कामाला लावणाऱ्याला 'हेतु' म्हटलं, आणि कर्ताही म्हटलं. म्हणजे करवणारा आला म्हणून करणारा पुसला जात नाही. नुसतं 'देव करविता' म्हटलं तर करता मीच उरतो. 'करता-करविता तोच' म्हटलं की दोन्ही जागा देवाला जातात आणि माझ्या वाट्याला उरतं एक शब्दयोगी अव्यय, 'कडून': माझ्याकडून करून घेतलं.

बोलण्यात आपण 'करवलं' क्वचितच म्हणतो, 'करून घेतलं' म्हणतो. सप्ताह पार पडला, भंडारा झाला, की सातारा-सांगलीकडची माणसं हमखास सांगतात, 'त्यानं करून घेतलं बघा.' ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, तिथून फलटणकडे जाते. त्या वाटेवर एखाद्या म्हातारीला विचारा, 'आजी, या वयात चालवतं का?' उत्तर येतं, 'माऊली चालवते.' प्रश्नातलं 'चालवतं' हे शक्य क्रियापद, उत्तरातलं 'चालवते' हे प्रयोजक. रूप जवळपास एकच, मधला 'व' तोच. 'मला शक्य आहे का' याचं उत्तर 'दुसरा शक्य करतो' असं, त्याच क्रियापदात, मिळतं. मराठी व्याकरणातली इतकी सुंदर जागा मला दुसरी माहीत नाही.

'बोलविता धनी' आला तुकोबांच्या अभंगातून. आपल्या बळानं मी बोलत नाही, असं सांगून ते साळुंकीचा दाखला देतात: ती मंजूळ बोलते, पण 'शिकविता धणी वेगळाची'. लोकांच्या तोंडी तो 'बोलविता धनी' झाला. तुकोबा हे स्वतःबद्दल म्हणतात आणि आपलं श्रेय सोडतात. बातमीत ते दुसऱ्याबद्दल म्हटलं जातं आणि त्या माणसाची अक्कलच काढून घेतली जाते. शब्द तेच, पुरुष बदलला. प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात गेला की हा वाक्प्रचार नम्रतेचा राहत नाही, आरोपाचा होतो.

सज्जनगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना समर्थांची ओवी सांगायला नको: 'मी कर्ता ऐसें म्हणसी । तेणें तूं कष्टी होसी । राम कर्ता म्हणतां पावसी । येश कीर्ति प्रताप ॥' इथं 'करविता'सुद्धा नाही, सरळ 'कर्ता'च राम. माण तालुक्यातल्या गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनीही (1845-1913) 'राम कर्ता' हेच आयुष्यभर सांगितलं. आणि तरी 'केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे' हेही समर्थांचंच. यात मला विरोध दिसत नाही. काम करताना यत्न आपला, झाल्यावर सही रामाची.

इतर धर्मांत? भरपूर. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात 'करन करावनहार' असा शब्द आहे, आपल्या जोडीचा सख्खा भाऊच. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. बायबलात संत पौल गलतीकरांना (गलतिया प्रांतातल्या ख्रिस्ती मंडळींना) लिहितो की आता मी जगत नाही, ख्रिस्त माझ्या ठायी जगतो. कुराणाच्या आठव्या सूरेत (अध्यायात) पैगंबरांना म्हटलं आहे की तू फेकलंस तेव्हा तू फेकलं नाहीस, अल्लाहनं फेकलं. तिथं मात्र हे भक्त स्वतः म्हणत नाही, त्याला सांगितलं जातं.

आता अवघड भाग. 'ईश्वरः सर्वभूतानां हृद्देशेऽर्जुन तिष्ठति' हे गीतेत कृष्ण सांगतो. पांडवगीता नावाच्या स्तोत्रात जवळपास हीच भाषा दुर्योधनाच्या तोंडी आहे: धर्म मला कळतो, पण तिकडे प्रवृत्ती नाही, 'केनापि देवेन हृदि स्थितेन यथा नियुक्तोऽस्मि तथा करोमि'. हृदयातला देव दोघांचा एकच, पण दुर्योधन त्याच्यावर अपराध टाकतो. आपली बोली इथं फार सावध आहे. चांगलं झालं तर 'देवानं करून घेतलं', बिघडलं तर 'माझ्या हातून चुकलं'. देवानं चूक करून घेतली, असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

ग्रंथ मात्र बोलीइतके हळवे नाहीत. कौषीतकी उपनिषद स्पष्ट म्हणतं की तोच चांगलं करवतो आणि तोच वाईटही करवतो. मग देव पक्षपाती ठरतो का, ही शंका ब्रह्मसूत्रांनी घेतली आणि उत्तर दिलं: 'कृतप्रयत्नापेक्षस्तु', म्हणजे तो करवतो, पण जिवानं केलेला प्रयत्न पाहून. शंकराचार्य तिथं पावसाचा दृष्टान्त देतात. पाऊस सगळ्या शेतांना सारखाच. भात उगवायचा की जव, ते पेरलेल्या बियाण्यावर.