झेक आणि स्लोव्हाक : वेगळे झाले, पण तुटले का?

प्रश्न : युगोस्लाव्हियात रक्तपात चालू होता त्याच काळात झेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले आणि म्हणे एक गोळी सुटली नाही. हे खरंच इतकं गोडीगुलाबीने झालं का? आणि आता दोघांचं कसं चाललंय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : गोळी सुटली नाही हे अगदी खरं, पण गोडीगुलाबी म्हणायला माझं मन धजत नाही, कारण लोकांना कुणी विचारलंच नाही. जून 1992 ला निवडणूक झाली, झेक बाजूला वाक्लाव क्लाउस आले, स्लोव्हाक बाजूला व्लादिमीर मेचियार, एकाला झटपट खासगीकरण हवं होतं, दुसऱ्याला ते दमाने हवं होतं आणि वर स्लोव्हाकियाला जास्त अधिकार हवे होते, काही केल्या जमेना, मग ब्रनो शहरातल्या एका व्हिलाच्या बागेत बसून बोलणी झाली आणि वेगळं व्हायचं ठरलं. लाखो लोकांनी सह्या करून सार्वमत मागितलं होतं, ते झालंच नाही. राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला. 1 जानेवारी 1993 ला दोन देश. पुढे सगळं चांगलं झालं तरी ते सार्वमत घ्यायलाच हवं होतं असं मला ठामपणे वाटतं.

वाटणी मात्र नीट झाली. लोकसंख्येच्या हिशोबाने मालमत्ता 2:1, म्हणजे झेकांना दोन वाटे, स्लोव्हाकांना एक. चलन आधी एकच ठेवायचं ठरलं होतं पण जेमतेम पाच आठवडे टिकलं, 8 फेब्रुवारीला वेगळं झालं, नव्या नोटा छापून व्हायच्या होत्या म्हणून जुन्याच 100, 500, 1000 च्या नोटांवर छोटी तिकिटं चिकटवून काम भागवलं. राष्ट्रगीताचं तर आधीपासूनच एक कडवं झेक आणि एक स्लोव्हाक होतं, ज्याने त्याने आपापलं घेतलं. झेंड्यावरून मात्र स्लोव्हाक लोकांना लागलं, संघराज्याची चिन्हं कुणीच वापरायची नाहीत असा कायदा होता तरी झेक लोकांनी जुनाच झेंडा ठेवला. सोन्याचा वाद तर 2000 पर्यंत चालला, भावाभावांच्या वाटणीत दागिन्यावरून अडतं तसंच.

आता संबंध छानच आहेत. नवा राष्ट्राध्यक्ष किंवा पंतप्रधान आला की पहिला दौरा शेजारच्या देशात, ही पद्धत अजून पाळतात, 2023 ला पेत्र पावेल झेक राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले तेही आधी स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हाला गेले. झेक पंतप्रधान झालेले आंद्रेय बाबिश तर जन्मानेच ब्रातिस्लाव्हाचे. पण युक्रेनवरून बिनसलं, मार्च 2024 ला स्लोव्हाक परराष्ट्रमंत्री रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांना भेटले आणि झेक सरकारने दोन्ही मंत्रिमंडळांच्या एकत्र बैठका थांबवल्या, हे मोठंच पाऊल होतं.

प्रश्न : स्लोव्हाक मुलं झेक युनिव्हर्सिटीत एवढी का जातात? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : सरकारी युनिव्हर्सिटीत झेक भाषेतून शिकलं तर फी नाही, आणि स्लोव्हाक मुलांना बहुतेक ठिकाणी पेपर स्वतःच्या भाषेत लिहिता येतो. सरकारी ऑफिसातही स्लोव्हाकमधला अर्ज चालतो, तसा कायदाच आहे. स्लोव्हाक पोरं लहानपणापासून झेक टीव्ही बघतात, झेक पुस्तकं वाचतात त्यामुळे त्यांना अडत नाही, उलट झेक बाजूच्या नव्या पिढीच्या कानावर स्लोव्हाक फारसं पडत नाही आणि त्यांना ते समजायला जड जातं, याची मला खरंच काळजी वाटते, झेक टीव्हीने संध्याकाळच्या वेळेत स्लोव्हाक कार्यक्रम डबिंग न करता दाखवायला हवेत.