दुपारची वेळ कोणी सांभाळायची?

प्रश्न : शाळेला सुट्टी लागून आज आठवा दिवस आहे. मुलगा यंदा तिसरीत जाईल आणि मुलगी ४ वर्षांची आहे. मी सकाळी साडेनऊला नोकरीसाठी निघते ती संध्याकाळी सहाला परतते. यजमान सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असतात. साडेतीनपर्यंत घरी येतात, जेवतात आणि झोपतात. दिवसभर मुलांजवळ सासूबाई असतात, त्यांचे वय ६८ आहे. मुले नऊ वाजता उठतात आणि टीव्ही सुरू होतो, तो बंद केला की मोबाइल आणि मोबाइल काढून घेतला की भांडणे. मी घरात पाऊल टाकते तेव्हा सासूबाई थकलेल्या असतात, मुले चिडलेली असतात आणि माझाही आवाज चढतो. आमच्या इमारतीतील बहुतेक मुलांनी शिबिरे लावली आहेत. आमच्या दोघांनाही सकाळ-संध्याकाळ शिबिरांत घालावे का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, तुम्ही प्रश्न मुलांविषयी विचारला आहे, परंतु पत्र वाचताना मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती तुमच्या सासूबाईंची. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत त्या दोन मुलांना एकट्याने सांभाळतात आणि एवढ्या वेळात त्यांच्या मदतीला असतो तो फक्त टीव्ही. त्याच्या जागी दुसरे काही न देता तो बंद केला, तर त्यांचेच ओझे वाढेल. म्हणून मुलांचे वेळापत्रक करण्याआधी घरातील मोठ्यांचे वेळापत्रक करावे, असे मला मनापासून वाटते. यजमान पहाटे उठून पाळीला जातात, त्यांना विश्रांती हवीच. तरीही तासभर झोप झाल्यावर पाच ते साडेसहा मुले त्यांच्याकडे, एवढे पक्के ठरले तरी सासूबाईंना रोज दीड तास पाठ टेकता येईल आणि तुम्हालाही घरी आल्यावर हातपाय धुऊन निवांत चहा घेता येईल. हे बोलणे आधी तुम्हा दोघांत व्हावे आणि सासूबाईंना ते यजमानांनी सांगावे, कारण ‘आईंना आता झेपत नाही’ हे सुनेच्या तोंडून आले, तर हेतू चांगला असूनही मनाला लागते.

शिबिराचे म्हणाल तर मुलाला त्याच्या आवडीचे एकच, तेही सकाळचे आणि दोन आठवड्यांपुरते लावावे. मुलीला यंदा मुळीच लावू नये. शाळेचा दिवस घंटेने बांधलेला असतो आणि ती घंटा अचानक थांबली की मुले काही दिवस सैरभैर होतात, आपसांत भांडतात, ‘आता काय करू’ म्हणून मागे लागतात. हा काळ सरू द्यावा लागतो. तो सरण्याआधीच दिवस शिबिरांनी भरून टाकला, तर स्वतःचा खेळ स्वतः शोधण्याची संधी मुलांना मिळतच नाही.

दिवसाला आकार मात्र हवा आणि तो सकाळपासून द्यावा. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकची दुपार कितीही तापली, तरी सकाळी साडेआठपर्यंत हवा सुखद असते आणि तुमची मुले नेमकी तीच वेळ झोपून काढतात. त्यांना रात्री लवकर झोपवून साडेसहाला उठवा आणि नोकरीला निघण्याआधी अर्धा-पाऊण तास जवळच्या मैदानावर न्या. एखाद्या रविवारी सगळ्यांनी सकाळीच पांडवलेणी चढावीत. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णी राजाचा पराक्रम सांगणारा ब्राह्मी लिपीतील लेख आहे आणि तो त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने कोरवून घेतलेला आहे, हे सांगितल्यावर तुमचा मुलगा त्या भिंतीसमोरून लवकर हलणार नाही.

दुपारी बारा ते चार मुलांनी घरातच राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला १ तासाहून अधिक नसावा. तो तास सकाळी उठल्या उठल्या खर्च न करता जेवणानंतर, सासूबाईंना डोळा लागतो त्या वेळेसाठी राखून ठेवा. दोन्ही मुलांना एकत्रच बसू द्या, म्हणजे धाकटीची मर्यादा थोरल्यालाही आपोआप लागू होते. उरलेल्या वेळेसाठी खेळणी विकत आणण्याआधी वाळवणाचा विचार करावा. सासूबाईंना उत्साह असेल, तर उडदाच्या पापडांचा थोडा घाट घालू द्या. लाट्या मोजणे, मोजता मोजता एखादी तेलात बुडवून खाणे, गच्चीवर सकाळच्या उन्हात पापड पसरणे ही कामे ४ वर्षांची मुलगीही आनंदाने करते. मुलाने आजीला विचारून कैरीच्या पन्ह्याची कृती मापांसह वहीत लिहावी आणि दुसऱ्या दिवशी ती वाचून आजीच्या देखरेखीखाली पन्हे करावे. असे लेखन गृहपाठापेक्षा अधिक उपयोगाचे असते, कारण माप चुकले की ते त्याला चवीवरून कळते.

प्रश्न : आमची ६ वर्षांची मुलगी प्रथमच महिनाभर निफाड तालुक्यात आजोळी राहणार आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो. तिला एकटीला पाठवावे का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : अवश्य पाठवावे, परंतु सलग महिना आताच ठरवू नये. पहिले दोन-तीन दिवस आईने सोबत राहावे आणि मग आठवडाभर ठेवून पाहावे. फोनची वेळ संध्याकाळी जेवणाआधीची असावी, कारण झोपताना आईचा आवाज ऐकला की लहान मुलांना हमखास रडू येते. जाण्याआधी मात्र तुम्ही स्वतः मळ्यात फिरून या. विहिरीला कठडा असतो किंवा निदान तिची सर्वांना भीती तरी असते. शेततळ्याची तेवढी भीती कोणी बाळगत नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेला त्याचा उतार ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. तळ्याला जाळीचे कुंपण आहे का, त्याच्या फाटकाला कुलूप लागते का आणि द्राक्षबागेच्या फवारणीची औषधे बंद खोलीत ठेवली जातात का, हे डोळ्यांनी पाहावे. कुंपण नसेल, तर ते घालून होईपर्यंत मुलीचे जाणे पुढे ढकलावे आणि त्याचे कारण आजोबांना स्पष्ट सांगावे.