देखभालीच्या रात्री क्रॉनची कामे कशी थांबवावीत?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. रात्री साडेअकराला बॅकअप आणि पहाटे दोनला आदल्या दिवसाच्या सौद्यांची जुळवणी, अशी कामे क्रॉनवर (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेवर) लावलेली आहेत. येत्या रविवारी रात्री डिस्क बदलायची असून सर्व्हर दोन-तीनदा बंद-चालू होईल. तोवर सर्व वापरकर्त्यांचे क्रॉनटॅब (क्रॉनच्या कामांच्या याद्या) रिकामे करून ठेवावेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : क्रॉनटॅबला हात लावू नये. ‘क्रॉनटॅब’ या आज्ञेला ‘आर’ हा पर्याय दिला की सहसा काहीही न विचारता अख्खी यादी पुसली जाते आणि संपादनाचा ‘ई’ कीबोर्डवर नेमका त्याच्या शेजारी असतो. शिवाय वापरकर्त्यांच्या क्रॉनटॅबखेरीज सर्व्हरच्या सेटिंग्जच्या ‘ईटीसी’ निर्देशिकेतही वेगळ्या नोंदी असतात. त्या हमखास नजरेतून सुटतात.

त्याऐवजी क्रॉनची सेवाच थांबवावी. उबुंटू व डेबियनवर तिचे नाव ‘क्रॉन’, तर रेड हॅटच्या परिवारात ‘क्रॉनडी’ असे आहे. मात्र सिस्टिमसीटीएल या सेवा चालू-बंद करण्याच्या आज्ञेने नुसते ‘स्टॉप’ केलेली सेवा सर्व्हर पुन्हा चालू होताच आपोआप उठते. म्हणून तुमच्या बाबतीत ती थांबवून ‘मास्क’ करावी, म्हणजे ती सुरूच होऊ शकणार नाही, आणि काम आटोपल्यावर ‘अनमास्क’ करून सुरू करावी. सिस्टिमडीचे (लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेचे) टायमरही ठरलेल्या वेळी कामे चालवतात, पण ते क्रॉनच्या अखत्यारीत येत नाहीत, तेव्हा त्यांची यादी वेगळी तपासावी.

सेवा थांबली तरी आधीच सुरू झालेले काम सहसा चालूच राहते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. साडेअकराचा बॅकअप सुरू झाल्यानंतर तुम्ही क्रॉन थांबवलात, तर चालू कामे दाखवणाऱ्या ‘पीएस’ या आज्ञेने खात्री करून तो पुरा होईपर्यंत थांबणेच शहाणपणाचे, कारण मध्येच तोडलेला बॅकअप वरवर धड दिसला तरी उपयोगाचा नसतो. माझ्या मते क्रॉन साडेअकराच्या आधीच थांबवावा, बॅकअप हाताने चालवावा, त्यातील एखादी फाइल उघडून पाहावी आणि मगच डिस्क काढावी.

बंद काळात चुकलेली कामे क्रॉन मागाहून करत नाही. जुळवणी सोमवारी तुम्हालाच हाताने चालवावी लागेल. तिची स्क्रिप्ट ‘काल’ची तारीख घड्याळावरून काढत असेल, तर सोमवारी दिवसभरात ती केव्हाही चालेल; काम मंगळवारवर गेल्यास मात्र रविवारची तारीख स्वतः द्यावी लागेल.