पेले खेळला ती अमेरिकन लीग बंद का पडली?

प्रश्न: काका, पेले अमेरिकेत खेळायचा ती लीग एवढी गाजली, मग बुडाली कशी?

उत्तर: अरे, ती नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग, म्हणजे तिकडची फुटबॉल लीग, 1968 ते 1984. पेले 1975 ला न्यूयॉर्क कॉसमॉस या टीममध्ये आला आणि मग काय, 1977 ला एका मॅचला जायंट्स स्टेडियमवर 77 हजारांवर पब्लिक! हे बघून ज्याला त्याला टीम काढायची घाई, 1978 ला तब्बल 24 टीम झाल्या, पण कॉसमॉसमागे वॉर्नरसारखी तगडी कंपनी होती, बाकीच्यांनी त्यांच्या नादाला लागून म्हातारे स्टार महागात आणले आणि स्टँड मात्र रिकामे, त्यात टीव्हीवालेही गेले, मग कसं चालणार? 1984 ला 9 टीम उरल्या, 1985 ला खेळ खल्लास.

त्यांचा शूटआउट मात्र भारी होता हां. मॅच बरोबरीत सुटली की प्लेयरने 35 यार्डांवरून बॉल घेऊन धावायचं, 5 सेकंदांत गोल मारायचा, गोलकीपर पुढे धावून आला तरी चालतंय. मला तर पेनल्टीपेक्षा हेच आवडतं.

आणि हो, 1977 लाच पेलेची कॉसमॉस कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी खेळली, 2-2 झाली!