पाऊस तितकाच, मग विहिरी लवकर का आटतात?

प्रश्न : आमच्या तालुक्यात वार्षिक पाऊस बहुतेक वर्षी सरासरीच्या आसपास नोंदला जातो, तरी विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात. याला हवामान बदल कारणीभूत आहे किंवा नाही, हे संशोधक कसे ठरवतात? (एक शेतकरी, जिल्हा परभणी)

उत्तर : वार्षिक बेरजेवरून हे ठरवता येत नाही, कारण तेवढाच पाऊस साठ दिवसांत पडला काय किंवा पंचवीस दिवसांत पडला काय, बेरीज तीच राहते. म्हणून संशोधक रोजच्या नोंदी पाहतात. भारतीय हवामान विभागाने देशभरातील पर्जन्यमापकांच्या आधारे १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाचे आकडे अक्षांश-रेखांशांच्या चौकटींनुसार तयार केले आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात एकूण मोसमी पाऊस मात्र घटला. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि अरबी समुद्र तापत असल्याने त्या बाष्पाचा पुरवठाही होत राहतो.

पुढचा भाग जमिनीचा आहे. आपल्या भागातील काळी माती पूर्ण भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी झिरपण्याचा वेग फार मंदावतो. खाली काळा पाषाण असल्याने पाणी साठण्यास जागा असते ती मुरमात आणि कातळाच्या भेगांत, म्हणजे मुळातच मर्यादित. त्यामुळे संथ पावसाचे पाणी जितके मुरते तितके धो धो पावसाचे मुरत नाही, ते ओढ्याने निघून जाते.

मात्र एवढ्यावरून हवामान बदलावर खापर फोडणे घाईचे ठरेल. त्याच काळात बोअरवेल वाढल्या आणि अनेक ठिकाणी ऊसही वाढला. पावसातला बदल आणि वाढलेला उपसा ही दोन कारणे वेगळी काढणे हेच या संशोधनातील खरे अवघड काम आहे, मोजमाप त्या मानाने सोपे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर नोंदवते. त्यांतून खडक व पाऊस सारखा, पण पिके वेगळी अशा विहिरींची तुलना करता येते. शिवाय पाऊस, वाहून गेलेले पाणी, बाष्पीभवन आणि उपसा यांचा ताळेबंद संगणकावर दोनदा मांडतात : एकदा पाऊस प्रत्यक्षातला पण उपसा जुना धरून, आणि एकदा उपसा प्रत्यक्षातला पण पावसाचे वितरण जुने धरून. दोन्ही उत्तरांतील फरक कोणाचा वाटा किती ते सांगतो. गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदल टिपणाऱ्या ‘ग्रेस’ या उपग्रह-जोडीने २००२ पासून उत्तर भारतातील भूजलाची घट दाखवून दिली, पण तिची नजर काहीशे किलोमीटरांची असल्याने एका तालुक्याला तिचा उपयोग नाही.

प्रश्न : उपग्रहांच्या नोंदींनुसार भारत अधिक हिरवा झाला आहे, असे वाचले. म्हणजे वाढता कार्बन डायऑक्साइड वनस्पतींना लाभतोच ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हिरवाई वाढली, हे खरे आहे, ती कशाची, हे पाहिले पाहिजे. पाने लाल प्रकाश शोषतात आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परतवतात, त्या फरकावरून उपग्रह हिरवेपणा मोजतो. त्याला साग आणि सोयाबीन यांतला भेद आपोआप कळत नाही. २००० ते २०१७ या काळावरील २०१९ च्या अभ्यासात भारतातील वाढीपैकी सुमारे ८२ टक्के वाटा शेतजमिनीचा निघाला. अर्थात त्यामागे सिंचन, खते आणि वर्षातले दुसरे पीक आहे, जंगल नव्हे.

कार्बन डायऑक्साइडचा परिणाम तपासण्यासाठी उघड्या शेतात नळ्यांचे कडे करून आतल्या पिकावर हा वायू सोडतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत अशी सोय आहे. भात, गहू, तूर, कापूस यांची वाढ अशा प्रयोगांत सुधारते, पण ज्वारी, बाजरी, ऊस यांना पाणी पुरेसे असताना फारसा लाभ होत नाही, कारण त्यांच्या पानांत हा वायू एकवटण्याची यंत्रणा आधीच असते. भात आणि गव्हातही दाण्यातील प्रथिने, लोह व जस्त यांचे प्रमाण घटते, आणि फुलोऱ्याच्या वेळी उष्णता वाढली तर मिळालेला लाभ हातचा जातो. आणखी एक गुंता असा, की ओलिताची जमीन बाष्पीभवनाने भोवतालची हवा थंड ठेवते. भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश वाढले, हे जगाच्या वाढीपेक्षा कमी. त्यात हवेतील धूलिकणांबरोबर सिंचनाचाही हात मानला जातो. म्हणजे उपसा विहीर आटवतो आणि तापमानवाढ काही अंशी झाकतोही.

प्रश्न : आमच्या शाळेने नोंदी ठेवल्यास त्या संशोधनाला उपयोगी पडतील का? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : जरूर, मात्र शिस्त हवी. पाऊस रोज सकाळी साडेआठ वाजता मोजावा, कारण हवामान विभागाची नोंदही तेव्हाच होते, आणि २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो दिवस पावसाचा धरावा. कोरड्या दिवशी रकाना मोकळा न सोडता शून्य लिहावे. मोकळा रकाना म्हणजे पाऊस नव्हता की नोंद राहिली, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. पर्जन्यमापक भिंत व झाडांपासून दूर ठेवावा, आणि हलवावाच लागला तर तारीख व नवी जागा वहीत नोंदवावी. झाडांसाठी ‘सीझनवॉच’ हा उपक्रम आहे. त्यात ठरावीक झाडाचा मोहोर, पालवी व फळे यांची दर आठवड्याला नोंद होते. एकच आंबा निवडला तरी चालेल, पण वर्षानुवर्षे तोच हवा.